फोटोतला हात

टाकानिनी, शनिवार. गणपतीचा तिसरा दिवस.

मंडळाच्या हॉलमध्ये आज 'आपली वस्ती कशी वाढली' हे प्रदर्शन लागलं. पहिलाच फोटो आमचा, अर्धवट बांधकामापुढे चिखलात उभे. खाली लिहिलंय, 'पहिली तीन मराठी घरं.' खरं तर चार. चौथं सुनंदाताईंचं. त्यांना फोटोतून मीच कापलं. नवऱ्याला सोडून आता माओरी माणसाबरोबर राहतात, म्हणून कमिटीला त्या नको होत्या. आणि मला कमिटी हवी होती. आमचं घर होईपर्यंत आम्ही त्यांच्याच गॅरेजमध्ये राहिलो, हे मीटिंगमध्ये मी बोलले का? नाही.

एक हात तेवढा राहिला, माझ्या खांद्यावरचा. तो कापायचा तर मीही कापली जात होते.

लेकीला नेमका तोच दिसला. "आई, हूज हँड इज दॅट?"

मागे सुनंदाताई उभ्या होत्या. ते माहीत असून मी म्हणाले, "बाबांचा."

"बट इट्स गॉट बँगल्स."

सुनंदाताईंनी मोदकांचा डबा माझ्या हातात दिला. "घे गं. तीनच घरं होती ना? पुरतील."

मोदक छान झालेत. उद्या हॉल उघडायच्या आत जाऊन त्या हातावर एक कागदी जास्वंद चिकटवते.