जिन्यावरची पाटी

बाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला तुमचा खरा राग आला तो काल. याआधी जे होतं तो नुसता रुसवा होता, जीव लावणाऱ्या माणसावर असतो तसा.

माझी आई तुमच्या बेलापूरच्या बिल्डिंगमध्ये दारोदार मासे विकायची. मी आठवीत असताना तिनंच तुम्हाला विचारलं, "बाय, माजे पोरीला जरा शिकवाल काय? हुशार हाय, पन घरान कोन सांगनारा नाय." तुम्ही शाळेतून रिटायर होऊन नुकत्याच दादरहून इकडे आल्या होतात, एकट्या होतात. लगेच हो म्हणालात. त्या दिवसापासून आईची माशांची पाटी जिन्यावर आणि मी आत, असं सुरू झालं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी इंग्रजी शिकले, गणित शिकले, चहा बशीत न ओतता प्यायला शिकले. मी 'पानी' म्हटलं की तुम्ही पेन्सिल आपटायचात. "पा-णी. जीभ वळव." मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट घरी जाऊन मीच आईला सुधारायला लागले. ती हसायची. "मासं घेनाऱ्याला कलतं ना? बस झाला."

मी कॉलेजात गेले तेव्हा तुमचा भाचा दर शनिवारी यायला लागला. तो इंजिनीअरिंगला होता. माझ्याशी नीट बोलायचा, पुस्तकं आणून द्यायचा, एवढंच. पण तो गेला की कप विसळता विसळता तुम्ही म्हणायचात, "तुझी फार चौकशी करतो हो." आणि एकदा माझी वेणी घालताना म्हणालात, "आमच्या घरात शोभशील तू." एकोणीस वर्षांच्या मुलीला असं कुणी सहज म्हणतं का, बाई? त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली. त्याला आवडते म्हणून कडू कॉफी प्यायले. गावातल्या मैत्रिणी तोडल्या. चुलतबहिणीच्या हळदीला सगळं गाव नाचत होतं आणि मी खुर्चीवर पदर सावरून बसून राहिले, कारण तुमच्या घरातल्या बायका तशा बसतात असं मला वाटायचं.

एक शनिवार तर अजून डोळ्यांसमोर आहे. दुपार आहे. बेल वाजते, तो दार उघडतो. बाहेर आई. "बाय हायत का? हलवा आनलाय ताजा." तिची नजर माझ्यावर जाते, ती हसते. तो वळून मला विचारतो, "कोण गं?" आणि मी म्हणते, "मासेवाली." तुम्ही तिथंच खुर्चीत पेपर वाचत बसल्या आहात. माझा एकही 'न' न सोडणाऱ्या तुम्ही फक्त पान उलटता. आई पाटी उचलते आणि जिना उतरते.

त्यानंतर ती तुमच्या बिल्डिंगमध्ये आली नाही. विचारलं तर म्हणाली, "जिने लय हायत, गुडगं दुखतान." आम्ही दोघी त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

वर्षभरानं त्याचा साखरपुडा ठरला. तुम्ही मला तुमची जांभळी रेशमी साडी दिलीत. "घरचीच म्हणून वावर." मी स्वयंपाकघरात रडायला लागले तेव्हा तुम्ही दार लोटलंत आणि म्हणालात, "अगं, तू मनावर घेतलंस की काय? मी आपलं कौतुकानं बोलले. डोळे पूस, ताटं बाहेर न्यायचीत." मी डोळे पुसले. ताटं नेली. त्याच्या होणाऱ्या बायकोला पेढा मीच दिला. आणि तरी पुढे मला सरकारी नोकरी लागली तेव्हा पहिला नमस्कार तुम्हाला केला, आईला नंतर.

काल तो माझ्या ऑफिसात आला. तुमचा फ्लॅट विकायचाय, त्याच्या वारसाच्या कागदांसाठी. केस पांढरे झालेत. आधी मॅडम म्हणाला, मग ओळख पटल्यावर तू. म्हणाला, "आई कशी आहे गं तुझी?" मी विचारलं, "तू कधी भेटलास तिला?" तर तो हसला. "अगं, दारात नव्हती का आली हलवा घेऊन? तू मासेवाली म्हणालीस, आणि तू गेल्यावर मावशी मला म्हणाली, तिची आईच आहे ती. पण बोलू नकोस हां, बिचारी कानकोंडी होईल."

बिचारी! म्हणजे तुम्हाला दोघांना ठाऊक होतं. त्यानंतर वर्षभर मी तुमच्या सोफ्यावर बसून जे मोठं मोठं बोलले, वडील धंदा करतात म्हणाले, ते तुम्ही दोघं ऐकत होतात, मान डोलवत होतात. आणि हे ठाऊक असूनही तो गेल्यावर कप विसळताना "तुझी चौकशी करतो" चालूच होतं तुमचं! मला त्या दिवशी एक कानफटात का नाही मारलीत? "जा, आईला हाक मार, पाटी आत घे," एवढं म्हणाल्या असतात तर मी जन्मभर तुमचे पाय धरले असते. तुम्हाला मुलगी नको होती, बाई. तुम्हाला शनिवारच्या पाहुण्याला दाखवायला काहीतरी हवं होतं. आणि मी ते व्हायला एका पायावर तयार होते, हा राग मी कुणावर काढू?

आई आता खांदेश्वरला माझ्याकडेच असते. गुडघे खरंच गेलेत. आज सकाळी तिच्याजवळ जाऊन बसले, तोंड उघडलं आणि भाजी काय करू विचारलं.

हे पत्र कुठं पाठवणार? फाडूनच टाकीन. पण लिहितेच आहे तर एक सांगून टाकते. त्याचे कागद काल सगळे बरोबर होते, माझी सही घेऊन पाच मिनिटांत मोकळा झाला असता. मी त्याला एक कागद कमी आहे असं सांगून सोमवारी परत बोलावलंय.