आढळले नाही

॥ श्री ॥
ता. ३, मंगळवार

चि. छोटीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दवाखान्यातून आज यांच्या लघवीच्या तपासणीचा कागद आला, त्याचे साडेतीनशे पडले. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. यांच्या पाठीच्या गोळ्यांचं पाकीट मात्र आलं नाही. ते गेल्या बुधवारपासून अडवून ठेवलंय. तू प्रयोगशाळेत दिवसभर असलेच कागद वाचतेस, म्हणून लिहिते. माझी तर मती गुंग झाली आहे.

कागदावर दोन ओळी आहेत. वर गोळीचं नाव, ऑक्सिकोडोन, त्यापुढे ‘फार जास्त’. खाली नॉरऑक्सिकोडोन, त्यापुढे ‘आढळले नाही’. मी आपली मॅट्रिक, पण मला वाटलं झकास! दिलेली गोळी सापडली, न दिलेलं काही सापडलं नाही. देवाला हात जोडले आणि मग चिठ्ठी वाचली. डॉक्टर लिहितात की या अफूच्या जातीच्या गोळ्या तुम्ही घेत नाही, मग जातात कुठे? विकता का? सोळा तारखेला येऊन खुलासा करा, नाहीतर गोळ्या कायमच्या बंद आणि नाव वर कळवणार. अगं, जे सापडलं ते म्हणे घेतलं नाही, आणि जे सापडलं नाही त्याचा गुन्हा! हा कुठला न्याय?

घेत नाहीत कसे? गोळ्या असतात तेव्हा रोज सकाळी मी स्वतः गोळी यांच्या तळहातावर ठेवते, पाण्याचा पेला देते, डोळे मिटून देवाचं नाव घेते आणि वहीत टिंब मारते. टिंबं आणि रिकामी पाकिटं तंतोतंत जुळतात. यांना विचारावं तर शिवणाच्या मशीनवर मान खाली घालून बसतात. म्हणतात, यंत्रं चुकतात. ही गोष्ट गिऱ्हाइकांच्या कानी गेली तर अशा शिंप्याच्या हाती कापड कोण देईल?

बाकी ठीक. गोळी बंद होऊन सहा दिवस झाले. पाठ धरून उठतात, ते आधीही उठतच होते; जेवण-झोप नेहमीसारखी. दोन डाव्या बाह्यांची गंमत तुला कळवली होती ना? एका गिऱ्हाइकाच्या कोटाला यांनी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. दीड महिना उलटून गेला, अजून शेजारणींना सांगते आणि पोट धरून हसतो आम्ही.

जपून राहा, उपाशी कामाला जाऊ नकोस.
तुझी ताई


ता. ७, शनिवार

ती. ताईस छोटीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

ताई, आधी बस, मग वाच. गोळी पोटात गेली की शरीर तिला तशीच ठेवत नाही. मोडतं, तिचे दुसरे पदार्थ करतं, आणि ते लघवीत उतरतात. चुलीत लाकूड गेलं की राख उरायचीच. नॉरऑक्सिकोडोन म्हणजे ती राख. भाऊजींच्या बाटलीत लाकडाचा ढीग आहे आणि राख चिमूटभरही नाही. म्हणजे लाकूड चुलीत गेलंच नसावं. कुणीतरी गोळी खरवडून थेट बाटलीत टाकली असावी. एखाद्याच्या अंगात गोळी कमी मोडते, कधी दुसरं औषध आडवं येतं, हे खरं. पण इतका ढीग आणि राख शून्य, असं मी नोकरीत दोनदाच पाहिलं. दोन्ही वेळा गोळी बाटलीतच होती.

दुसरं तूच लिहिलंस आणि तुलाच दिसलं नाही. रोजची गोळी अशी एकदम तुटली तर माणसाला घाम फुटतो, जांभया, जुलाब, झोप उडते. भाऊजी मात्र जेवून घोरताहेत!

विकणं वगैरे मला पटत नाही. ज्या माणसाला शिवणाचे पैसे मागताना घाम फुटतो तो गोळ्या काय विकणार? गोळ्या घरातच असतील. भांडू नकोस, शोध. आणि तुझी काटकसर मला माहीत आहे म्हणून बजावते: सापडल्या तरी वाया जातील म्हणून त्यांना एकही देऊ नकोस. सवय सुटलेल्या अंगाला जुनं माप झेपत नाही. कुलपात ठेव.

तुझा धाक आणि माया, दोन्ही असू दे.
तुझी छोटी


॥ श्री ॥
ता. १०, मंगळवार

चि. छोटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

सापडल्या. मशीनच्या खणात पांढऱ्या बटणांचा डबा असतो. काल शर्टाला बटण हवं म्हणून हात घातला, तर बोटाला छिद्रच लागेना. सगळा डबा ताटात ओतून निवडला. सेहेचाळीस अख्ख्या गोळ्या आणि एक उसवायच्या पात्याने खरवडलेली. वहीतली टिंबं मागे मोजत गेले, तर सत्तेचाळिसावं टिंब बाह्यांच्या दुसऱ्या दिवशीचं निघालं.

मग हे बोलले. गोळीने डोळे जड व्हायचे, खडूची रेघ दोन दिसायची, आणि त्या दिवशी दोन डाव्या बाह्या झाल्या. मी हसले, शेजारणी हसल्या, हेही हसले. दुसऱ्या दिवसापासून गोळी बाहीच्या मुडपात. कधी, तर मी डोळे मिटून यांच्याच पाठीसाठी देवाला विनवत असायची तेव्हा! दवाखान्याला सांगितलं नाही, कारण पुढे पाठ अगदीच गेली तर गोळ्या परत मिळणार नाहीत ही भीती. मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाले की तू इतक्या भक्तीने टिंब मारायचीस, मोडवेना.

छोटे, मला कळत नाही कुणावर रागावू. दीड महिना हा माणूस दुखणं गिळत होता आणि मी वहीत गोळी गिळल्याची नोंद करत होते. बाह्यांची गोष्ट मी आता कुणाला सांगत नाही.

डबा कुलपात आहे. आज गोळीविना नुसता पाण्याचा पेला देताना मी डोळे उघडे ठेवूनच नाव घेतलं. हे म्हणाले की देवाचा माझ्यावर अजून भरवसा आहे, बायकोचा उडाला. हसू आलं, पण डोळे मिटले नाहीत.

सोळाला डबा घेऊन मीही जाणार. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस डॉक्टरांच्या टेबलावर मांडते; विकल्या नाहीत याला दुसरा पुरावा काय देऊ? पण बाटलीतली लबाडी आपल्या तोंडाने कबूल केल्यावर ते पाठीला दुसरं काही देतील, की दारच लावून घेतील? शिंप्याचे डोळे जड होणार नाहीत असं काही औषध आहे का? मधे सहाच दिवस आहेत. काय बोलू ते उलट टपाली कळव.

तुझी ताई