बेंबीतून निघालेला धागा

विन्नेबा,
रविवार, चर्चमधून आल्यावर

तीर्थस्वरूप मान्साताईस,

धाकट्या अट्टाचा नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला आणि तुमच्या शेळ्या, दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. मी जिवंत आहे. (तिकडे तुझ्या सॉल्टपाँडपर्यंत काही वेगळं पोचलं असेल, तर ते अर्धंच खरं.)

अकरा वर्षांपूर्वी बँडमध्ये ट्रम्पेट फुंकून फुंकून मला हर्निया झाला आणि डॉक्टरांनी पोटात जाळी बसवली, तेव्हा उशाशी तूच होतीस. त्या जाळीला मी पार विसरलो. गेल्या महिन्यात बेंबीखाली फोड आला, फुटला, आणि त्यातून निळा धागा डोकावू लागला. मला वाटलं, बनियनचा. ओढला, तर बनियन खुंटीवर आणि धागा माझ्याच पोटात! अद्वोबाने (तुझ्या भावजयीला प्रत्येक गोष्टीत बाई दिसते) विचारलं, "कुणाच्या झग्याचा हा?" मग ताप चढला, तेव्हा तिनेच मला टॅक्सीत कोंबलं.

डॉक्टर डेडे म्हणाल्या, "काका, ओढू नका! जाळी गोळा होऊन आतड्यात घुसलीय. इतक्या वर्षांनी असं क्वचितच होतं. मी फक्त पुस्तकात वाचलं होतं." मग शिकाऊ डॉक्टरांची रांग लागली. ताई, आमच्या बँडला कधी एवढी गर्दी झाली नाही. पण ऑपरेशनच्या सकाळी मी घाबरलो. अद्वोबा आपल्या कापडात माझी पावलं गुंडाळून बसून राहिली.

जाळी निघाली, आतड्याचा तुकडाही गेला. शुद्धीवर येताच मी विचारलं, पुन्हा फुंकता येईल? डॉक्टर म्हणाल्या, "आधी खालून वाजू द्या, वरचं नंतर बघू." सगळा वॉर्ड कान लावून बसला. मंगळवारी दुपारी वाजलं. टाळ्या पडल्या, आणि अद्वोबा हसता हसता रडली. आता मक्याची पेज पचते, जखम कोरडी आहे.

तुझा,
अट्टा

ता.क. माझा ट्रम्पेट घरातून गायब आहे. अद्वोबाने तुला धुरी दिलेल्या मासळीची टोपली पाठवली, तिच्या तळाशी बघ. सापडला तर गुपचूप बसवाल्याकडे दे. डॉक्टरांची परवानगी आहे.

ता.क. २. म्हणजे, त्या नाही म्हणालेल्या नाहीत. मी विचारलेलं नाही.

ता.क. ३. वन्सं, मी अद्वोबा. पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं! ट्रम्पेट देऊ नका. मी विचारून आलेय, ईस्टरनंतर वाजवायला हरकत नाही. यांना सांगितलं तर आजच सुरू करतील. तेव्हा मीच यांना तुमच्याकडे घेऊन येते. पहिलं गाणं तुमच्या अंगणात.