मागे ऐकू येत नाही

छुनछॉन
६ फेब्रुवारी

ती. दादास,

इनसुकचा नमस्कार. साष्टांग वगैरे यंदा लिहीत नाही, कंबर धरलीये असं समज. इकडे सगळं ठीक. थंडी मरणाची आहे, अंगणातला नळ गोठतो, किमचीचा शेवटचा रांजण परवा उघडला, छान आंबलीये. वहिनीचा गुडघा कसा आहे? यांच्या खांद्याचं हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, सायकल मात्र इतक्यात नको. बालवाडीची व्हॅन दुरुस्तीला गेलीये म्हणून हे सध्या घरीच असतात. व्हॅनचं पुढे लिहिते.

फोन सोडून कागद का, तर फोनवर तुझा आवाज चढला की मला रडू येतं. आणि मेसेज केला तर तू अंगठा पाठवतोस. डिसेंबरात मी तुला एवढं मोठं लिहिलं, दवाखान्याच्या बाकावर बसून, आणि त्यावर तुझा अंगठा! कागदावर अंगठा उमटवायचा तर निदान शाई तरी लागेल.

तुझा निरोप वहिनीकडून मिळाला. पुढच्या रविवारी मेबोंगच्या पायथ्याला आपल्या सायकल मंडळाची वर्षाची पूजा. डुकराचं डोकं मांडायचं, भाताच्या वड्या ठेवायच्या, माक्कॉलीचा, तांदळाच्या दारूचा, पेला भरायचा, सायकली ओळीनं उभ्या करायच्या, आणि प्रमुख म्हणून तू गुडघ्यांवर बसून डोंगरदेवाला कागद वाचून दाखवायचा. 'देवा, गेलं वर्ष सांभाळलंस, हेही सांभाळ,' असा. तो कागद दरवर्षी मी लिहिते, कारण माझं अक्षर बरं आहे. यंदाही लिही म्हणालास. वर सूचना, 'जुन्बेच्या पडण्याचं एका ओळीत उरक. एका सभासदाच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, असं घाल.'

दादा, हे सांगताना तुझी जीभ अडखळली नाही?

तो 'एक सभासद' माझा नवरा आहे. तुझा मेव्हणा आहे. आणि निष्काळजी कोण होतं ते मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही, मी तिथे होते. मंडळाची शेपूट मी आहे. सगळ्यात पुढे तू, सगळ्यात मागे मी, आणि शेपूट पोचल्याशिवाय डोक्यानं हलायचं नाही, हा नियम तूच केलेला. पहिल्या वर्षी केवढ्या रुबाबात सांगितला होतास! 'मागचा माणूस दिसला नाही तर पुढचा माणूस आंधळा.' लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या रविवारी सोल शहरातली पोरं आली होती. चकाचक हेल्मेटं, त्यावर कॅमेरे, पायात गरम बूट. वर माथ्यावर आम्ही उकडलेली अंडी सोलत होतो. तुझं सारखं त्यांच्याकडे लक्ष. त्यातला एक म्हणाला, 'आजोबा, उतार एवढाच का इथे?' बस्स. आजोबा म्हटलेलं तुला झोंबलं. उठलास आणि म्हणालास, 'चला, उत्तरेकडून उतरू.'

उत्तरेची वाट! जिथे थंडीभर ऊन पोचत नाही, पाल्याखाली बर्फाचा थर असतो, आणि वनखात्यानं दोरी बांधून पाटी लावलीये. दोरी तू स्वतःच्या हातानं उचलून धरलीस. हे म्हणाले, 'दादा, नको. खाली काच झालीये नुसती.' किती हळू बोलले होते, तुझा मान राखून. आणि तू सगळ्यांसमोर काय म्हणालास, आठवतंय? 'बायकोच्या मागेमागे शेपटीला लोंबकळणारा गडी तू. बस इथेच, अंडी सोल.'

सगळे हसले. दादा, मीही हसले. हे हसले नाहीत. हातातलं अंडं ठेवलं, हेल्मेटचा पट्टा लावला आणि सगळ्यांच्या मागून, माझ्या पुढे, तुझ्या वाटेनं उतरले.

तिसऱ्या वळणावर मला आधी यांची सायकल दिसली, झुडपात, चाक वर. मग हे. मी तुला फोन लावत राहिले. तू तोवर पायथ्याच्या रश्शाच्या हॉटेलात पाहुण्यांना वाढायला लावत होतास. फोन जाकिटात होता म्हणे. जाकीट खुंटीला होतं म्हणे. मी माझं जाकीट यांच्यावर घातलं आणि बचाववाले येईपर्यंत खालच्या वाटेकडे बघत बसले, की तू येशील. शेपूट पोचली नाही हे तुला कळलंच नाही का रे?

हे सगळं मी गिळलं असतं. माणूस चुकतो. तू पडतोस, मी पडते, बर्फ कुणाचा सगा नसतो. पण पुढच्याच रविवारी त्याच हॉटेलात तू सगळ्यांना सांगितलंस की जुन्बेनं वर माक्कॉली मारली होती, म्हणून तोल गेला. जो माणूस दाबाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून सणालाही पेला तोंडाला नुसता लावून खाली ठेवतो! त्या दिवशी माझ्या थर्मासातलं जवाचं पाणी प्यायले होते. मी ओतून दिलं होतं.

आता व्हॅनचं.

व्हॅन दुरुस्तीला गेलेली नाही. व्हॅन रोज आपल्या गल्लीवरून जाते, पिवळी, धडधाकट, आणि चालवतो दुसराच कुणीतरी. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी हे टोपी घालून बालवाडीत गेले होते. मुख्य बाईंनी बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, 'तब्येत जपा, मार्चपासून आम्ही नवा माणूस बघतोय.' घरी येऊन यांनी मला सांगितलं, व्हॅन दुरुस्तीला गेलीये. मला शंका आली म्हणून किमचीचा डबा घेऊन मी बाईंकडे गेले. बाईंनी डबा उघडून पुन्हा बंद केला. शेवटी म्हणाल्या, 'आया घाबरल्यात हो. सकाळी सकाळी डोंगरावर पिणारा माणूस, त्याच्या हाती पोरं कशी द्यायची?' आणि आयांना कुणी सांगितलं? आपल्या मंडळातल्या त्या दो आडनावाच्या वहिनींनी. त्यांचा नातू त्याच व्हॅननं जातो. दो वहिनींना कुठे कळलं? तुझ्या रश्शाच्या हॉटेलात, तुझ्या तोंडून.

इतकी वर्षं या माणसानं पोरांचे पट्टे स्वतः लावले. कुणाला गाडी लागते, कुणाला खिडकी हवी, सगळं पाठ. आता सकाळी व्हॅनचा आवाज आला की हे संडासात जाऊन बसतात. नळ सोडतात.

एवढं लिहूनही एक गोष्ट मी टाळतेय. लिहितेच.

मी समजत होते, दारूचं तू रचलंस. वहिनीनं गेल्या आठवड्यात खरं सांगितलं. बिचारी रडत होती. तू दवाखान्यात शिंपल्यांची पेज घेऊन आला होतास, मी औषधं आणायला खाली गेले होते, तेव्हा हेच तुला म्हणाले, 'दादा, सांगून टाका मी प्यायलो होतो म्हणून. प्रमुखानंच दोरी उचलली हे वनखात्याला कळलं तर डोंगर सायकलींना बंद होईल. मंडळ मोडेल. माझं काय, मी आज नाही तर उद्या बरा होईन.'

घरी येऊन यांना विचारलं तर म्हणतात, 'अगं, पडलो तर मीच ना?' मी ताट आपटलं. दोन दिवस स्वयंपाक केला नाही.

पण त्यांच्यावरचा राग माझ्या घरातला आहे, तो मी बघून घेईन. मला तुझं कळत नाही. त्यांनी दिलं आणि तू घेतलंस? गळ्यात बांधलेल्या हातानं एक माणूस स्वतःचं नाव काढून तुझ्यापुढे ठेवतो, आणि तू पेज भरवून ते खिशात घालून निघून येतोस?

मला सायकल तू शिकवलीस. बाबा गेल्यावर, त्या दुधाच्या अवजड सायकलवर. मागून सीट धरून धावायचास आणि ओरडायचास, 'सोडलं नाही गं, सोडलं नाही!' सगळ्यांचे भाऊ सोडून द्यायचे आणि खोटं ओरडायचे. तू खरंच सोडायचा नाहीस. तुझ्या चपला फाटल्या होत्या त्या महिन्यात. तो माणूस कुठे गेला रे? मला तो परत हवाय, आणि तो मिळत नाही म्हणून मी इतकी भडकलेय.

कागद सोबत जोडलाय. ब्रशनं लिहिलाय, मोठ्या अक्षरात, चष्मा विसरलास तरी दिसेल. एवढाच आहे:

'मेबोंगच्या देवा, या थंडीत आम्ही बंद वाटेनं उतरलो. दोरी मी उचलली. जुन्बे नको म्हणाला होता, मी त्याला हसलो. तो प्यायला नव्हता. तो पडला आणि मी थांबलो नाही. नंतर मी खोटं बोललो. हे वर्ष आम्हाला सांभाळ.'

डोंगर बंद होईल? होऊ दे. लोक तुला प्रमुख ठेवणार नाहीत? नको ठेवू देत. रविवारी दो वहिनी येतील, त्यांच्यासारख्या आणखी चारजणी येतील. त्यांच्यासमोर हे वाचायचं. मार्च उजाडायच्या आत.

आणि 'निष्काळजी सभासद' असला दुसरा कागद कुणाकडून लिहून घेतलास, तर त्या डुकराच्या डोक्याशेजारी येऊन मी माझा वाचीन.

तुझी बहीण आणि मंडळाची शेपूट,
इनसुक

*

छुनछॉन
१८ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. रविवारी तुझ्याशी न बोलता निघून आले, म्हणून हे.

तू वाचलंस. मान्य. पण कसं वाचलंस! तोंड डुकराकडे, पाठ लोकांकडे, आवाज घशात. पुढच्या दोघांना तरी कळलं असेल की नाही देव जाणे. मी कुठे उभी असते तुला माहीत आहे. म्हणून ओरडले, 'मागे ऐकू येत नाही!'

तुझी मान लाल झाली ते मला शेवटच्या सायकलीपासून दिसलं. वाटलं, आता कागद चुरगळणार. तू उठलास, लोकांकडे वळलास, आणि कागद न बघता बोललास. 'दोरी मी उचलली. माझा मेव्हणा प्यायला नव्हता.' 'सभासद' नाही म्हणालास. मेव्हणा म्हणालास. ते माझ्या कागदात नव्हतं.

दो वहिनींच्या हातातली वडी तशीच राहिली. नंतर त्या माझ्याकडे आल्या आणि माझ्या सायकलीचं हँडल पुसत उभ्या राहिल्या. मी पुसू दिलं.

हे माझ्यावर चिडलेत. 'मी दिलेलं तू चारचौघांत परत का मागितलंस?' म्हणून दोन दिवस बोलत नाहीत. मी सांगितलं, तुमचं एकट्याचं नव्हतं ते, त्यात माझंही नाव होतं. आज सकाळी व्हॅन गेली तेव्हा नळ सोडला नाही. खिडकीशी उभे होते. बाईंनी उद्या चहाला बोलावलंय. गेल्या वेळीही चहाच होता, म्हणून मी अजून काही धरून चाललेले नाही. टोपी मात्र धुऊन वाळत घातलीये.

आणि शेवटी तू जे केलंस त्याबद्दल. गळ्यातली प्रमुखाची शिट्टी काढून डुकराच्या ताटात ठेवलीस आणि खाली मान घालून चालता झालास. वा! म्हणजे सुटलास? शिट्टी ठेवणं फार सोपं आहे, दादा. ती मी उचलून आणलीये, चरबी लागली होती, साबणानं धुतली.

माझा राग गेलेला नाही. बरेच दिवस पुरेल एवढा आहे.

रविवारी दक्षिणेच्या वाटेनं जायचं. वनखात्यानं अडवलं तर पायथ्याच्या रस्त्यानं जायचं. हे सायकल चालवणार नाहीत, पण माथ्यापर्यंत पायी येतो म्हणालेत. मला नाही, भिंतीला म्हणाले. यांच्या चालीनं मला पोचायला खूप उशीर होईल. तुझे पाय गारठतील, सोलचे कुणी आले तर हसतील, अंडी थंड होतील.

तू वर थांब. आम्ही दिसेपर्यंत हलू नकोस.

शेपूट