बेल वाजत नाही, दार वाजवा

प्रिय ताई,

तुझे तीन फोन मी उचलले नाहीत. तू रागावली असशील, ते इथे बसूनही मला दिसतंय. चौथा करण्याआधी हे वाच. काळजीचं काही नाही, उलट बरंच चाललंय.

ऑफिसने आमचा कॉम्प्युटर विभाग बंद करून सगळं काम बाहेरच्या कंपनीला दिलं, त्याला पाच महिने झाले. एकवीस वर्षं दुसऱ्यांची मशिनं चालू ठेवली आणि स्वतःच बंद पडलो. पहिले दोन महिने मी काय केलं, हे तुला कधी सांगितलं नाही. चपलांचं कपाट तीनदा लावलं, ताई. शेवटी ही म्हणाली, “कुणाचं तरी काहीतरी बिघडलेलं दुरुस्त करा आता, नाहीतर माझं डोकं बिघडेल.” आणि तिनेच एक कागद लिहून जिन्याखाली चिकटवला : ‘कॉम्प्युटर, लॅपटॉप दुरुस्त करून मिळतील. तिसरा मजला. बेल वाजत नाही, दार वाजवा.’ अख्ख्या इमारतीने त्यावर हसून घेतलं. ज्याला स्वतःची बेल नीट करता येत नाही, तो आमचा कॉम्प्युटर काय करणार!

पहिली आली तळमजल्यावरची शिंपीणबाई. तिचा कॉम्प्युटर दहा मिनिटं चालायचा आणि बंद पडायचा. उघडून बघतो तर आतल्या पंख्याला रंगीबेरंगी दोऱ्यांचा गुंता. चिमट्याने ओढून काढता काढता मूठभर निघाला. पंखा गरगर फिरायला लागला तशी बाई टाळ्या वाजवायला लागली, आणि मी खुळ्यासारखा लाजलो. मग समोरचे पेन्शनर आले, मग बेकरीवाला. पाच मशिनं झाली आणि मी जरा हवेतच गेलो.

सहावा कॉम्प्युटर गाण्याच्या बाईंचा. खालच्या मजल्यावर एकट्याच राहतात, घरी गाणं शिकवतात. चालूच होईना. मी काही विचारलं नाही, म्हटलं, सगळं पुसून नव्याने टाकतो, तासाभराचं काम. हार्ड डिस्क पुसून झाली, नवं भरणं सुरू झालं, तेवढ्यात बाई वर आल्या आणि सहज म्हणाल्या, “माझी मुलं नीट आहेत ना आत?” मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. प्रत्येक विद्यार्थ्याचं पहिल्या दिवशीचं गाणं त्या रेकॉर्ड करतात, आणि तो शिकून निघाला की शेवटच्या दिवशी त्याला ऐकवतात. गेल्या वीस वर्षांतली सगळी मुलं त्या डिस्कवर होती. दुसरीकडे कुठेच नव्हती.

मी वायरच उपटली. “बघतो” म्हणून त्यांना खाली पाठवलं आणि तसाच बसून राहिलो. खरं सांगतो, डिस्क जुनीच होती, आपोआप गेली म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांना काय कळणार होतं? हे वाक्य मी मनात दोनदा म्हणूनही पाहिलं. मग उठलो, खाली गेलो आणि सांगितलं की मी न विचारता पुसलं, चूक माझी; पुसलेलं थोडंफार परत काढता येतं, ते करून बघतो. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढ्यात ठेवलं. मग म्हणाल्या, “किती दिवस लागतील ते सांगा. आणि मध्ये खोटा धीर देऊ नका.”

नऊ दिवस लागले. डिस्क दुसऱ्या मशिनला जोडून तुकडा तुकडा वेचत बसलो. आवाज मिळत गेले, पण नावं पुसलेली. मग बाई रोज दुपारी आमच्याकडे येऊन बसायच्या. मी एकेक आवाज लावायचो, आणि पहिली ओळ संपायच्या आत त्या नाव सांगायच्या. ही त्यांच्या शेजारी बसून लिहून घ्यायची. काय एकेक बेसूर पोरं, ताई! एक मुलगी मध्येच थांबून विचारते, “आता जाऊ का घरी?” बाई म्हणाल्या, ती आता न्यायाधीश आहे. तिघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. दोनशे चौदा सापडली, एकोणीस गेली ती गेलीच. त्या एकोणीस जणांची नावं बाईंनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहिली. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्यांच्या बहिणीचा लॅपटॉप माझ्याकडे पाठवला. आता स्क्रू काढायच्या आधी मी विचारतो, आत काय आहे? आणि आधी सगळ्याची नक्कल करून ठेवतो. लोकही बसून सविस्तर सांगतात. एकवीस वर्षांत मी मशिनं पाहिली, पण ती कुणाची आहेत हे कधी विचारलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. भाऊजींनी त्यांच्या कंपनीच्या गोदामात माझ्यासाठी शब्द टाकला, तू मागची खोली रिकामी करून ठेवलीस, आणि सोमवारी मी हजर होणार असं ठरलं. ताई, मी येत नाही. नोकरीत खोट नाही. मी ‘हो’ म्हणालो ते घाबरून म्हणालो होतो, आणि आता घाबरलेलो नाही, इतकंच. फोनवर सांगितलं असतं तर तू फक्त “बरं” म्हणाली असतीस, आणि तुझं ते “बरं” ऐकून मी पुन्हा ‘हो’ म्हणून बसलो असतो, म्हणून पत्र. भाऊजींना तू काही सांगू नकोस. शाळेतल्या मास्तरांपासून ऑफिसातल्या साहेबापर्यंत माझ्या वतीने नेहमी तूच बोलत आलीस. या वेळी माझं मला बोलू दे.

तुझाच,
धाकटा