तुझी तांब्याची पट्टी

प्रिय चिमणे,

परवा आईचा फोन आला होता. माझी ख्यालीखुशाली राहिली बाजूला, लगेच तुझं कौतुक सुरू. धाकटीने धुरातल्या वायूपासून अल्कोहोल काढलं म्हणे, आता तिला स्वतःची प्रयोगशाळा मिळणार! भाजी करपतेय म्हणून मी फोन ठेवला. भाजी अजून चिरलीसुद्धा नव्हती. खरं सांगते, माझा नुसता जळफळाट झाला. कार्बन डायऑक्साइड पाण्यात सोडून त्यात धातूच्या पट्टीतून वीज खेळवायचा नाद तुला मी लावला. माझ्या पट्ट्यांनी इतकी वर्षं हायड्रोजनशिवाय काही दिलं नाही, आणि तू कालची पोर अल्कोहोल काढून मोकळी!

फोनच्या आधीच आमच्या तपासणी प्रयोगशाळेत एक तांब्याची पट्टी तपासायला आली होती. दावा खरा ठरला तरच प्रयोगशाळा द्यायची, असं पैसे देणाऱ्या संस्थेचं म्हणणं. पाकिटावर नाव नव्हतं. पण पट्टीला जोडलेली तार उलटी पिळून टोक आत दुमडलेलं पाहिलं आणि मी ओळखलं. तशी तार पिळायला तुला मीच शिकवलं, आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. साहेबांना नातं सांगितलं असतं तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं. मी गप्प बसले.

काल तपासायला बसले. आधी नुसता आर्गॉन वायू सोडला. त्यात कार्बनच नाही, म्हणजे अल्कोहोल बनायला नको. सापडलंच, तर ते पट्टीचं कर्तृत्व नव्हे, बाहेरून आलेली घाण. आणि चिमणे, सापडलं! दावा खोटा, असा अहवाल मी झरझर लिहिला, वर मजेत चहा-बिस्किटं खाल्ली. मग आवराआवर करताना हातात बाटली आली. अल्कोहोलची. घाईत काचेचं पात्र मी त्यानेच विसळलं होतं. जे शोधायचंय त्यानेच भांडं धुतेस म्हणून तुझ्या हातावर चापट मारणारी मी!

पात्र पाण्याने धुऊन सगळं पुन्हा केलं. आर्गॉनमध्ये काही नाही. कार्बन डायऑक्साइड सोडला आणि अल्कोहोल आलं, भरपूर. मला रडू फुटलं. ते आनंदाचं नव्हतं.

आज साहेबांना नातं सांगितलं. ते माझ्यावर भडकले. आता पट्टी दुसरीकडे पुन्हा तपासतील आणि तुझा निकाल लांबेल. उशीर का होतोय, हे तुला कोणी सांगणार नाही, म्हणून हे पत्र. आईलाही तूच सांग, माझ्या तोंडून निघणार नाही. अभिनंदनही इतक्यात मागू नकोस. पण जिवाला घोर लावून घेऊ नकोस, पट्टी खरी आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि भांडं कशाने धुवायचं, ते त्या लोकांना मी कळवलंय.

तुझीच, अजून धुमसणारी,
ताई