धसईच्या बाजारात हवालदार हरवला

टोकावड्याजवळून, वैशाख वद्य पंचमी, सन १९४६

रा. रा. अनंतादादा यांस, हवालदार (आता नुसता) लडकू हरड याचा दोन्ही हात जोडून रामराम. खरं तर सलाम लिहिणार होतो, पण तुमची बहीण बाईजा म्हणाली, "सख्ख्या मेव्हन्याला कोन सलाम ठोकतं? दादाला वाटंल, ह्यांच्या डोक्यावर परिनाम झाला." म्हणून रामराम. तुमची प्रकृती बरी असेल, वहिनींचा खोकला उतरला असेल, आणि मुंबईत पाण्याचे हाल कमी झाले असतील असं धरून चालतो. आमच्याकडं सगळी खुशाल आहेत. विहिरीनं तळ गाठला आहे, बैल धडधाकट आहेत, आणि बाईजा माझ्यावर गेल्या मंगळवारपासून रागावलेली नाही. शेवटची गोष्ट मुद्दाम लिहिली, कारण तुम्हांला तीच खरी वाटणार नाही.

दादा, पलटणीत आम्ही आफ्रिकेच्या वाळूत आणि नंतर इटलीच्या चिखलात पडलेलो असताना मी मनाशी घराचा एक नकाशा करून ठेवला होता. पेन्शन घेऊन घरी जायचं, ओटीवर बसायचं, बाईजाच्या हातची भाकर खायची आणि पोराबाळांना जवळ घ्यायचं. नकाशा उत्तम होता. फक्त त्यात मी कुठं बसायचं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी पहाटे उठून शिट्टी वाजवली, तर कळलं की बाईजा केव्हाच उठून, दळण उरकून, गोठाही झाडून मोकळी झाली होती. शिट्टीनं जागा झाला तो फक्त शेजारचा कोंडू पाटील. तो त्या दिवसापासून माझ्याशी तुटक बोलतो.

मग मला वाटलं, घराला जरा शिस्त लावावी. अंगणापासून रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंना धोंडे मांडले आणि त्यांना चुना फासला, आमच्या छावणीत असत तसे. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पलीकडच्या घरची जनाबाई हळदकुंकू वाहून एका धोंड्यापुढं नारळ फोडत होती. मी समजावलं, की बाई, हे देव नव्हेत, ही छावणीची पद्धत आहे. ती म्हणाली, "तुमाला नसंल दिसत, हवालदार. तुमी लई दिवस भाईर व्हता." आता तो धोंडा नवसाला पावतो असं म्हणतात आणि मला तो हलवायची परवानगी नाही. पुढं मी घरामागं शौचासाठी रीतसर खंदक खणला. (लांबी, खोली, उतार, सगळं कवायतीच्या पुस्तकाबरहुकूम.) त्यात पहिल्याच संध्याकाळी कोंडू पाटलाची म्हैस उतरली. मी गावचे गडी गोळा केले, दोर बांधले, काठावर उभा राहून "एक, दो, खींच!" असे हुकूम सोडले. गडी दमले, दोर तुटला, म्हैस शांतपणे रवंथ करत राहिली. बाईजा आली, तिनं एका टोकाची माती पायानं ढासळवली, पुढं गवताची पेंडी धरली, आणि म्हैस आपली चालत बाहेर आली. बाईजा एवढंच म्हणाली, "आता बुजवा त्यो." बुजवला.

पण हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, दादा. जे हसण्यावारी जात नव्हतं ते राहीचं. ही आमची धाकटी लेक माझ्या रजेनंतरची, म्हणजे मी बोटीवर असताना जन्मलेली. तिचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. इटलीत एका दुकानातून तिच्यासाठी बाहुली घेतली, आडवी केली की डोळे मिटणारी, आणि अख्खा मुलूख ती पिशवीत जपत फिरलो. (त्यापायी माझे स्वतःचे मोजे दोनदा टाकून द्यावे लागले.) राहीनं ती आडवी केली, डोळे मिटले, आणि पोरीनं जी किंकाळी फोडली ती टोकावड्याच्या नाक्यावर ऐकू गेली असावी. बाहुली तिनं भाताच्या कोंड्यात पुरून टाकली. मी ओटीवर आलो की ती माजघरात, मी माजघरात गेलो की ती परसात. आणि एके दिवशी मी जेवायला बसलेला असताना तिनं आईचा पदर ओढून, तिच्या मते हळू आवाजात, विचारलं, "आये, ह्यो पाव्हना कदी जानार गो?"

बाईजा चुलीकडं तोंड करून हसली. मीही हसलो. पण अर्धी भाकर ताटात तशीच ठेवून उठलो.

तर गेल्या मंगळवारी धसईचा बाजार होता. आगोटीची खरेदी करायची होती, म्हणजे पावसाळ्यापुरतं मीठ, सुके बोंबील, मिरच्या. आणि आपले वाल विकायचे होते. बाईजाच्या अंगात कसर होती. ती म्हणाली, "तुमी जावा. आन राहीला न्या संगं, मला जरा पडू द्या." राहीनं गाडीत चढायला नकार दिला, मग गूळ दिल्यावर चढली, पण वालाच्या पोत्यापलीकडं तोंड करून बसली. वाटभर मी बोलत होतो आणि ती बैलांशी बोलत होती.

बाजारात मी वाल विकले. वळून पाहतो तर पोत्याजवळ राही नाही.

दादा, तोफेचा गोळा जवळ पडला तर काय करायचं ते मला शिकवलेलं आहे. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मी मिठाच्या राशी ओलांडल्या, बांगडीवाल्याची दोन तोरणं पाडली, बोंबलाच्या ढिगाऱ्यात पाय घातला. जो भेटेल त्याला विचारलं. एक म्हातारा म्हणाला, "पोर दिसाया कशी?" मी म्हणालो, उंची तीन फूट एक इंच. म्हातारा म्हणाला, "आरं, परकर कंच्या रंगाचा?" मला सांगता येईना. गालावर तीळ हाय काय, कानात काय हाय, केस कापलेले का बांधलेले? ज्या माणसाला चाळीस रंगरूट पाठमोरे ओळखू येत, त्याला आपल्या पोरीचा परकर आठवेना. मग मी काय केलं असेल? परेडवर देतात तशी पोटातून आरोळी ठोकली, "राहीऽऽ!" सगळा बाजार उभा राहिला. एका घोड्यानं दावं तोडलं. राही काही आली नाही.

शेवटी चांगो नावाचा एक ठाकर हसत हसत माझ्याकडं आला. "हवालदार तुमीच ना? चला. चिंचंखाली तुमाला हुडकत्यात."

चिंचेखाली ठकी म्हणून एक म्हातारी ठाकरीण करवंदं विकत बसली होती, आणि तिच्या पाटीशेजारी, तोंड जांभळं करून, आमची राही. (परकर हिरवा होता. आता मरेपर्यंत विसरणार नाही.) ठकीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "व्हय, ह्योच. पोर मघाधरनं सांगते, माझा बा चुकला. मी म्हनलं, दिसतो कसा? तर म्हनं, मिशा बोकडाच्या शिंगांवानी, बूट वाजत्यात, डावा पाय जरा वढतो, रातच्याला झोपंत इंग्रजी बोलतो, आन हाका मारतो तवा कोंबड्या पलत्यात. आता हाक आयकली न् म्हनलं, चांगो, जा, घेऊन ये त्याला."

आणि राही ठकीला समजावून सांगत होती, अगदी माझी बाजू घेऊन, "त्याला वाट म्हाईत नाय. नवा हाय त्यो."

मी तिथंच धुळीत बसलो. पोरीनं माझ्याकडं टक लावून पाहिलं, ओंजळीतलं एक करवंद माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "बा, रडू नको. गाडी तिकडं हाय." माझं बोट धरून तिनं मला त्या गर्दीतून गाडीपर्यंत नेलं. दादा, पलटणीत मोठमोठ्या साहेबांनी माझ्याशी हात मिळवले आहेत. त्यातल्या कुणाचीही पकड एवढी घट्ट नव्हती.

परत येताना ती माझ्या मांडीवर झोपली. डावा पाय बधिर झाला, पण मी तो हलवला नाही. बैल आपल्या मनानं घरी आले. बाईजा दारात उभी होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं, राहीला उचललं, आणि विचारलं, "मीठ?"

मीठ आणलं नव्हतं. बोंबील आणले नव्हते. मिरच्याही नाही. फक्त बुटाला चिकटलेला एक बोंबील होता, तो तिनं काढून मांजराला घातला. मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण ती खांबाला टेकून हसायला लागली, आणि हसताना पदरानं डोळे पुसायला लागली. त्या रात्री मला झोप इतकी गाढ लागली की इंग्रजीसुद्धा बोललो नाही म्हणे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
लडकू

ता. क. — तुम्ही गिरणीच्या फाटकावर माझ्यासाठी दरवानाची जागा बघितलीत, साहेबाकडं खेटे घातलेत, खोलीचीही सोय केलीत. हे उपकार मी विसरणार नाही. वरचं सगळं लिहिलं ते एवढ्यासाठीच, की मी येत नाही. साहेबाला सांगा, पाय अधू आहे. ऐकलं नाही तर सांगा, डोकं अधू आहे. पण दादा, मला आता घर सोडायला लावू नका.

ता. क. दुसरा — पत्र बाईजाला वाचून दाखवलं. ती म्हणते, लिवा दादाला, जागा आताच सोडू नको म्हनावं. आधी आखाडात ह्यांची भाताची लावनी बघू, मंग ठरवू.